प्रतिपिंड : तारक की मारक? मांजरांच्या ‘एफआयपी’वरील उपचारांचा शोध

२०१७च्या पावसाळ्यात आमचा आठ महिन्यांचा बोका, सोन्या, आठवडाभर ताप उतरत नाही म्हणून दवाखान्यात नेला, तेव्हा त्याचं पोट टम्म फुगलं होतं आणि पाठीची हाडं मात्र हाताला लागत होती. डॉक्टरांनी पोटातलं पाणी सिरिंजमध्ये ओढलं. पिवळसर, चिकट, एकतारी पाकासारखं. मग त्यांनी काचेच्या नळीत डिस्टिल्ड वॉटर घेतलं, त्यात अॅसेटिक अॅसिडचा एक थेंब मिसळला आणि वरून पोटातल्या पाण्याचा थेंब अलगद सोडला. तो थेंब विरघळला नाही. पृष्ठभागाला लटकून राहिला, मग मागे धागा सोडत जेलीफिशसारखा सावकाश खाली उतरला. या चाचणीला रिव्हाल्टा चाचणी म्हणतात. थेंब विरघळला असता, तर एफआयपीची शक्यता बरीच मागे पडली असती. थेंब टिकला आणि बाकीच्या तपासण्यांनीही तेच सांगितलं. हा एफआयपी, म्हणजे ‘फेलाइन इन्फेक्शियस पेरिटोनायटिस’ होता.

मी डॉक्टरांना विचारलं, “सर्पदंशावर देतात तसं एखादं तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन नाही का?” ते म्हणाले, “या रोगात अँटिबॉडीचीच तर भीती आहे.” सोन्या नऊ दिवसांनी गेला. डॉक्टरांचं ते वाक्य मात्र मनात रुतून बसलं. शरीराचं रक्षण करणाऱ्या प्रतिपिंडाची भीती कशी असू शकते? ती असेल, तर या रोगावर प्रतिपिंडांचा उपचार शोधण्यात काही अर्थ आहे का? या प्रश्नाचं उत्तर गेल्या पन्नास वर्षांत अनेकदा बदललं आहे आणि अजूनही बदलतं आहे. हा त्याचाच आढावा.

पोटातला निरुपद्रवी पाहुणा

एफआयपीचं पहिलं नेमकं वर्णन १९६३ साली बोस्टनच्या एंजेल मेमोरियल प्राणी रुग्णालयातल्या जीन होल्झवर्थ यांनी केलं. रोग विषाणूजन्य आहे हे नंतर कळलं आणि १९७०च्या सुमारास तो विषाणू कोरोना कुळातला असल्याचं दिसलं. मांजरांचा हा कोरोनाविषाणू मुळात आतड्यात राहणारा, विष्ठेतून पसरणारा, फार तर चार दिवस जुलाब करवणारा. जिथे बरीच मांजरं एकत्र राहतात तिथे बहुतेकांना त्याचा संसर्ग झालेला असतो. पण संसर्ग झालेल्यांपैकी सुमारे पाच ते दहा टक्के मांजरांत तो विषाणू त्यांच्याच शरीरात बदलतो. आतड्याच्या पेशी सोडून तो मॅक्रोफेज या भक्षक पेशींमध्ये वाढायला शिकतो. हे बदल मुख्यतः त्याच्या पृष्ठभागावरच्या ‘स्पाइक’ या काटेरी प्रथिनात आढळतात.

मॅक्रोफेज म्हणजे शरीराचे पहारेकरी. अंगभर वावरणारे, परकं काही दिसलं की गिळून पचवणारे. त्याच पेशीत विषाणूने बिऱ्हाड केलं की तो यकृत, मूत्रपिंड, डोळे, मेंदू कुठेही पोचतो. रक्तवाहिन्यांना सूज येते, त्यातून द्रव पाझरतो आणि पोटात किंवा छातीत साचतो. हा ‘ओला’ प्रकार. ‘कोरड्या’ प्रकारात पाणी न साचता अवयवांत गाठी होतात. बळी बहुतेक दोन वर्षांखालचे. उपचार नसताना हा रोग जवळजवळ नेहमीच जीव घेई.

सीरमचा जुना, खात्रीचा रस्ता

प्रतिपिंडांचा उपचार ही काही नवी कल्पना नाही. १८९० साली बर्लिनमध्ये एमिल फॉन बेहरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी दाखवलं की, धनुर्वात किंवा घटसर्पाच्या विषाला सरावलेल्या प्राण्याच्या रक्तातलं सीरम दुसऱ्या प्राण्याला दिलं, तर त्यालाही संरक्षण मिळतं. हेच तत्त्व आपल्याकडे आजही रोज माणसं वाचवतं. हाफकिनसारख्या संस्थेत घोड्यांना सापाच्या विषाची हळूहळू वाढती मात्रा देतात आणि त्यांच्या रक्तातून प्रतिविष तयार करतात. दुसऱ्याने कमावलेली ही प्रतिकारशक्ती उसनी असते, काही आठवडेच टिकते, पण हातात येते त्याच क्षणी.

मांजरीच्या पिल्लालाही निसर्ग असंच उसनं देतो. वारेतून त्याला फार थोडी प्रतिपिंडं मिळतात. खरी शिदोरी असते आईच्या चिकात. ती प्रतिपिंडं रक्तात घेणारा आतड्याचा दरवाजा जन्मानंतर जेमतेम सोळा तासांत बंद होतो.

मांजरांच्या दुसऱ्या एका जीवघेण्या रोगात, पॅनल्युकोपेनियात, हा रस्ता सरळ आहे. आपल्याकडे पाळणारे लोक त्याला ‘मांजरांचा पार्व्हो’ म्हणतात. लस न घेतलेली पिल्लं त्याने पटापट दगावतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळतात आणि विषाणू घरात वर्षभरही टिकून राहू शकतो. हा विषाणू पेशीत शिरण्यापूर्वी प्रतिपिंडाने पकडला, तर तिथेच संपतो. म्हणूनच जर्मनीत घोड्यांपासून बनवलेली तयार प्रतिपिंडं पिल्लांसाठी वापरली गेली. घोड्याचं प्रथिन परकं असल्यामुळे ते पुन्हा दिलं तर तीव्र अॅलर्जीचा धोका असतो. बऱ्या झालेल्या मांजराचं सीरम द्यायचं, तर रक्तगट जुळवावा लागतो, कारण मांजरांच्या रक्तात दुसऱ्या गटाविरुद्धची प्रतिपिंडं आधीपासूनच असतात.

कुत्र्यांच्या पार्व्होत याच्या पुढचं पाऊल पडलं. २०२३च्या मे महिन्यात अमेरिकेच्या कृषी खात्याने एलॅन्को कंपनीच्या, पार्व्होविषाणूवर नेमका नेम धरणाऱ्या एककृंतक (मोनोक्लोनल) प्रतिपिंडाला सशर्त मान्यता दिली. मुद्दाम संसर्ग देऊन केलेल्या अभ्यासात औषध न मिळालेली निम्म्याहून अधिक कुत्री मेली, औषध मिळालेल्यांपैकी एकही नाही. कुत्र्यांचा पार्व्हो मांजरांच्या विषाणूच्याच कुळातून १९७८च्या सुमारास पुढे आला, दोघांत फरक अगदी थोडा. त्यामुळे मांजरांसाठी असं औषध घडवणं शास्त्राला जड नाही. चाचण्या मात्र मांजरांवरच व्हायला हव्यात.

मग एफआयपीचं घोडं कुठे अडलं?

चोराला हात धरून तिजोरीपर्यंत

१९८० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या नील्स पेडरसन आणि बॉयल यांना एक विपरीत गोष्ट दिसली. ज्या पिल्लांच्या रक्तात विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं आधीपासून होती, त्यांना एफआयपीचा विषाणू टोचल्यावर ती प्रतिपिंडं नसलेल्या पिल्लांपेक्षा लवकर आजारी पडली आणि लवकर मेली. पुढच्याच वर्षी कॉर्नेल विद्यापीठाच्या वाइस आणि स्कॉट यांनी निरोगी पिल्लांना बाहेरून प्रतिपिंडं दिली, तेव्हाही तेच घडलं. त्यांनी याची तुलना डेंग्यूशी केली. डेंग्यूत दुसऱ्या प्रकारच्या विषाणूची लागण पहिल्यापेक्षा गंभीर होऊ शकते, त्यातलाच हा प्रकार.

यामागची यंत्रणा समजायला प्रतिपिंडाचा आकार डोळ्यासमोर आणावा. इंग्रजी वाय अक्षरासारखा: वरचे दोन हात विषाणूला पकडतात, खालची शेपटी मॅक्रोफेजच्या पृष्ठभागावरच्या एका खाचेत अडकते. एरवी हीच सोय असते. हातांनी चोर धरायचा, शेपटीने पहारेकऱ्याला इशारा द्यायचा, पहारेकरी त्याला गिळून टाकतो. पण एफआयपीचा विषाणू पहारेकऱ्याच्या पोटात मरत नाही, वाढतो. मग प्रतिपिंड चोराला हात धरून तिजोरीपर्यंत नेऊन सोडतं.

लसीचंही यामुळे घोडं अडलं. १९९० साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी स्पाइक प्रथिन वापरून बनवलेली प्रायोगिक लस पिल्लांना दिली. विषाणू समोर आल्यावर लस घेतलेली पिल्लं इतरांपेक्षा आधी मेली. १९९१मध्ये अमेरिकेत नाकात सोडायची एक लस बाजारात आली. ती सोळा आठवड्यांनंतरच द्यायची होती आणि तोवर बहुतेक पिल्लांना कोरोनाविषाणू गाठून गेलेला असे. तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत तिची सर्वसाधारण शिफारस कधी झाली नाही.

इथे दुसरी बाजूही सांगायला हवी. ब्रिटनमध्ये डायान अॅडी यांनी घराघरातल्या मांजरांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. एकदा संसर्ग होऊन गेलेल्या, रक्तात प्रतिपिंडं असलेल्या मांजरांना पुन्हा संसर्ग झाला, तेव्हा त्यांना एफआयपी होण्याचं प्रमाण वाढलेलं त्यांना दिसलं नाही. मांजरांच्या कोरोनाविषाणूचे दोन प्रकार आहेत. प्रयोगशाळेतला विषाणू बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारचा असतो, कारण तो काचेच्या बशीत सहज वाढतो. घराघरांत फिरणारा असतो पहिल्या प्रकारचा, जो बशीत वाढायलाच राजी नसतो. म्हणजे प्रतिपिंडांचा धोका खरा आहे, पण तो किती आणि कुठे, हे ज्या विषाणूवर मोजलं तो बहुतांश मांजरांना मारणारा नव्हता. या विषयावरचं कुठलंही विधान वाचताना, ते चांगलं असो वा वाईट, ही फट विसरता कामा नये.

एकाच प्रतिपिंडाचे दोन चेहरे

१९७५ साली जॉर्जेस कोलर आणि सेझार मिल्स्टीन यांनी एकाच जातीची, एकाच जागी नेम धरणारी, म्हणजे एककृंतक, प्रतिपिंडं हवी तेवढी बनवण्याची पद्धत शोधली. त्यामुळे प्रश्न नेमका विचारता आला: स्पाइकच्या एखाद्या भागावर बसणारं प्रतिपिंड तारक आणि दुसऱ्या भागावर बसणारं मारक, अशी विभागणी आहे का? तशी असती, तर तारक तेवढी निवडून काम भागलं असतं.

कॉर्नेलमध्ये आणि जपानच्या कितासातो विद्यापीठात होहदात्सु यांच्या गटात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला याचं उत्तर आलं आणि ते निराश करणारं होतं. साध्या पेशींत विषाणूला निकामी करणारं प्रतिपिंडच मॅक्रोफेजमध्ये संसर्ग वाढवू शकत होतं. पकडायची जागा तीच, परिणाम मात्र उलटा. असा परिणाम मात्रेवरही अवलंबून असतो. प्रतिपिंड मुबलक असेल तर विषाणू झाकला जातो, कमी असेल तर नुसता वाहून नेला जातो. उसन्या प्रतिपिंडांच्या बाबतीत हा मुद्दा जिवावर बेतणारा आहे. बाहेरून दिलेली मात्रा शरीरात रोज थोडी थोडी उतरत जाते. आज भरपूर असलेलं प्रतिपिंड काही आठवड्यांनी धोक्याच्या पट्ट्यात येणारच.

कितासातोच्या गटाने मग निशाणाच बदललं. विषाणूला धरण्याऐवजी त्यांनी विषाणूने पेटवलेली आग धरली. बाधित मॅक्रोफेज ‘टीएनएफ-अल्फा’ नावाचं दाहक द्रव्य सोडतात. ते टी-पेशींचा नाश घडवतं आणि दुसऱ्या प्रकारच्या विषाणूला आत घेणारे दरवाजेही मॅक्रोफेजवर वाढवतं. २०१६ साली या गटाने टीएनएफ-अल्फाला निकामी करणारं प्रतिपिंड प्रयोगातल्या मांजरांना दिलं. औषध मिळालेल्या तिघांपैकी दोघांत रोग पुढे सरकला नाही, औषध न मिळालेल्या तिघांनाही एफआयपी झाला. सहा मांजरांवरून निष्कर्ष काढता येत नाही, पण दिशा दिसते. त्याआधी म्युनिकमध्ये टीएनएफ दाबणारं प्रोपेंटोफायलिन हे साधं औषध खऱ्या रुग्णांवर वापरलं, तेव्हा त्याने आयुष्य वाढवलं नव्हतं. सौम्य औषध आणि नेमकं प्रतिपिंड यांच्या ताकदीत फरक आहे, हेही खरं.

ज्या कितासातोंनी १८९०मध्ये उसन्या प्रतिपिंडांची वाट दाखवली, त्यांच्याच नावाच्या विद्यापीठात तीच वाट कुठे घसरडी होते, हे शोधलं गेलं.

शेपटी कापावी की बदलावी?

आज या प्रश्नाकडे पाहताना शास्त्रज्ञांच्या हातात काही जुनी आणि काही तेव्हा नसलेली हत्यारं आहेत.

पहिलं हत्यार जुनंच आहे. सगळा घोळ शेपटीचा असेल, तर शेपटीच काढून टाकावी. आपल्या देशात सर्पदंशावर वापरलं जाणारं प्रतिविष नेमकं असंच असतं. घोड्याच्या प्रतिपिंडावर पेप्सिन हे पाचकद्रव्य वापरून त्याची शेपटी छाटलेली असते, उरतात दोन जोडलेले हात. दवाखान्यात मी ‘सर्पदंशासारखं इंजेक्शन’ म्हणालो, तेव्हा हे मला ठाऊक नव्हतं. अडचण एवढीच की शेपटीमुळेच प्रतिपिंड रक्तात टिकतं. ती गेली की ते लवकर शरीराबाहेर जातं. सापाच्या विषाला काही तास पुरतात, आठवडे चालणाऱ्या एफआयपीला पुरत नाहीत.

दुसरा मार्ग शेपटी ठेवून तिची मॅक्रोफेजला अडकणारी टोकं बोथट करण्याचा. माणसांच्या औषधांत हे तंत्र रुळलं आहे. मांजराच्या प्रतिपिंडाची शेपटी माणसाच्याइतकी बारकाईने अभ्यासलेली नाही, म्हणून कुठली टोकं बोथट करायची याचं पायाभूत काम अजून करायचं आहे.

तिसरी गोष्ट परकेपणाची. उंदराचं प्रतिपिंड मांजराला दिलं, तर मांजराचं शरीर त्याच्याविरुद्धच उभं राहतं. म्हणून हात उंदराचे आणि धड मांजराचं, अशी संमिश्र प्रतिपिंडं बनवतात. कितासातोच्या गटाने टीएनएफ-प्रतिपिंडाचं असं रूप तयार केलंच. त्यापुढे जाऊन जवळजवळ पूर्ण मांजरासारखं केलेलं प्रतिपिंड आज प्रत्यक्ष वापरात आहे, फक्त विषाणूवर नाही, सांधेदुखीवर. जानेवारी २०२२मध्ये अमेरिकेच्या एफडीएने फ्रुनेव्हेटमॅबला मान्यता दिली. तिथल्या एफडीएने कोणत्याही प्राण्यासाठी मान्य केलेलं ते पहिलं एककृंतक प्रतिपिंड. म्हणजे मांजराला महिन्याकाठी प्रतिपिंडाचं इंजेक्शन देणं आज दवाखान्यातली नेहमीची गोष्ट झाली आहे. कारखाने आहेत, नियम आहेत, डॉक्टरांना सवय आहे.

उरतो विषाणू. २०२०मध्ये तैवानच्या शास्त्रज्ञांनी पहिल्या प्रकारच्या विषाणूच्या स्पाइकची अतिसूक्ष्म रचना उलगडली आणि ती साखरेच्या साखळ्यांनी दाट झाकलेली आढळली. प्रतिपिंडाला पकडायला मोकळी जागा थोडीच. दुसऱ्या प्रकारचा विषाणू कुठल्या दारातून पेशीत शिरतो हे माहीत आहे, पण पहिल्या प्रकाराच्या दाराचा शोध रेंगाळलेला. प्रतिपिंडाचं काम दार अडवण्याचं, आणि इथे नेमकं दारच धूसर.

गोळीने बदललेला प्रश्न

ही सगळी खटपट चालू असताना दुसऱ्याच बाजूने यश आलं. २०१६मध्ये कॅन्सस राज्य विद्यापीठातल्या यंजंग किम आणि क्योंग-ओक चांग यांनी जीसी३७६ हे विषाणूचं विकर रोखणारं औषध प्रयोगातल्या मांजरांत यशस्वी करून दाखवलं. खऱ्या रुग्णांवर त्याचं यश मर्यादित राहिलं, वीसपैकी सात. मग पेडरसन यांनी २०१९मध्ये जीएस-४४१५२४ या दुसऱ्या विषाणूरोधक औषधाचे निष्कर्ष मांडले. नैसर्गिक एफआयपी झालेल्या ३१ मांजरांपैकी २६ मांजरांनी किमान बारा आठवड्यांचा उपचार पूर्ण केला. काहींना पुन्हा आणि वाढीव मात्रा द्यावी लागली, पण शेवटी २५ मांजरं दीर्घकाळ तगली. ज्या रोगात निदान म्हणजे निरोप होता, तिथे हा चमत्कारच.

औषध पटकन अधिकृत झालं नाही, म्हणून जगभरच्या पालकांनी ते काळ्या बाजारातून मिळवलं, स्वतः रोज टोचलं. ब्रिटनमध्ये २०२१पासून आणि अमेरिकेत जून २०२४पासून ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, गोळीच्या रूपातही, रीतसर मिळू लागलं. म्युनिकच्या २०२४मधल्या अभ्यासात ओल्या प्रकारासाठी ८४ दिवसांऐवजी ४२ दिवसांचा उपचारही तितकाच पुरेसा ठरला.

मग प्रतिपिंडांची गरजच काय? २०२३च्या सायप्रसने याचं उत्तर दिलं. तिथे कुत्र्याच्या कोरोनाविषाणूचा स्पाइक उचललेला नवा विषाणू मांजरांत फोफावला. एरवी एफआयपी एका मांजराकडून दुसऱ्याकडे सहसा जात नाही, हा थेट पसरत होता. सरकारला माणसांसाठी आणलेल्या मोलनुपिराविरच्या गोळ्यांचा साठा मांजरांसाठी खुला करावा लागला. एकाच औषधावर सगळी भिस्त ठेवणं किती धोक्याचं आहे, हे त्या बेटाने दाखवलं. विषाणू औषधाला सरावू शकतो. मेंदूत पोचलेल्या रोगाला जास्त मात्रा लागते. अत्यवस्थ मांजर पहिल्या काही दिवसांतच जातं. पेडरसनच्या ३१पैकी जी पाच उपचार पूर्ण करू शकली नाहीत, त्यातली चार पहिल्या पाच दिवसांत गेली.

मला वाटतं, प्रतिपिंडांची खरी जागा इथे आहे, गोळीच्या ऐवजी नव्हे, गोळीच्या सोबतीला. गोळी विषाणूची वाढ थांबवायला वेळ घेते. त्या पहिल्या पाच-सात दिवसांत दाह आवरणारं टीएनएफ-विरोधी प्रतिपिंड मिळालं तर? विषाणूला वाढायला वाव उरला नसताना बोथट शेपटीचं प्रतिपिंड दिलं तर? गोळीमुळे प्रतिपिंडाचा जुना धोकाही कमी व्हायला हवा, कारण मॅक्रोफेजमध्ये नेऊन सोडलेला चोर तिथे वाढूच शकणार नाही. ही शक्यता आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. पण तपासण्यासारखी, आणि नैसर्गिक रोग झालेल्या, पहिल्या प्रकारचा विषाणू असलेल्या मांजरांतच तपासण्यासारखी.

त्याआधी पॅनल्युकोपेनियावरचं प्रतिपिंड मांजरांसाठी सिद्ध व्हावं, असं मला मनापासून वाटतं. तिथे धोका कमी, गरज मोठी आणि वाट माहितीची. महाराष्ट्रातल्या शहरांत रस्त्यावरची पिल्लं उचलून वाढवणाऱ्यांना दर पावसाळ्यात कोणत्या रोगाची धास्ती असते, ते त्यांना विचारून पाहावं.

सोन्याच्या डॉक्टरांचं म्हणणं २०१७ साली बरोबर होतं. आज कोणी तोच प्रश्न विचारला, तर उत्तर थोडं लांब द्यावं लागेल: गोळी आज सुरू करू. अँटिबॉडी अजून नाही, पण कोणती नको, हे आता बऱ्यापैकी कळलंय. शेपटी मोकळी असलेली नको, मात्रा उतरताना एकटी सोडलेली नको, आणि प्रयोगशाळेतल्या विषाणूवर जमली म्हणून घरातल्या मांजराला जमेल असं धरून चाललेली तर मुळीच नको.